शाळा सुटली, वय वाढलं: सीमाभागात आता शिकायचं कुठून आणि कसं?

निपाणीत बिड्या वळणाऱ्या बाईला विचारा, आज साडेआठशे बिड्या झाल्या तर बंडलं किती होतील? पंचवीस बिड्यांचं एक बंडल. शंभराला चार, म्हणजे आठशेची बत्तीस आणि वरच्या पन्नासाची दोन. चौतीस, असं उत्तर ती हातातलं पान न थांबवता देते. तिच्यासमोर बँकेचं पासबुक उघडलं, की जमा कुठली आणि खर्ची कुठली पडली हे मात्र तिला शेजारच्या पोराला विचारावं लागतं. अशा बाईला वर्गात बसवून पहिल्याच दिवशी 'एक ते शंभर पाठ करा' म्हटलं, तर ती आठवड्याभरात यायची बंद होते. मग वहीत शेरा पडतो, 'महिलांचा प्रतिसाद नाही'.

शाळेबाहेर राहिलेल्या तरुणांचं आणि मोठ्या माणसांचं शिक्षण हा वेगळाच विषय आहे. शाळेत वय, इयत्ता, पुस्तक आणि घंटा आधीच ठरलेली असतात, मूल त्यात बसवलं जातं. अनौपचारिक शिक्षणात माणूस आधी येतो. त्याचं वय काय, कुठपर्यंत शिकला, रिकामा कधी असतो आणि शिकायचंय ते कशासाठी, हे बघून बाकीचं ठरवायचं असतं. कर्नाटकातल्या पण मराठी बोलणाऱ्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात त्यात आणखी एक प्रश्न येऊन मिळतो, कुठल्या भाषेत? त्याबद्दल पुढं सविस्तर लिहिलं आहे.

२०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची साक्षरता ७३.४८ टक्के होती. बायकांचा आकडा ६४.५८ टक्के, म्हणजे सात वर्षांपुढच्या दर तीन बायकांमागं एकीला लिहिता-वाचता येत नव्हतं. जनगणनेची साक्षरतेची व्याख्या ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सात वर्षांपुढचा जो माणूस कोणत्याही एका भाषेत समजून वाचू आणि लिहू शकतो, तो साक्षर. भाषा कुठली याची अट त्यात नाही.

कोणी कुठल्या दारानं जायचं

या कामात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते चुकीच्या दारावर उभं राहिल्यामुळं. ज्याला अक्षरओळख हवी त्याचा दहावीचा अर्ज भरला जातो आणि जो एका विषयात नापास झालाय त्याला नव्यानं पाच विषय घ्यायला लावतात. म्हणून आधी दार ठरवा, फॉर्म नंतर.

मूल सहा ते चौदा वयाचं असेल तर त्याच्यासाठी मुक्त शाळा (घरी अभ्यास करून परीक्षा द्यायची सोय) शोधूच नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणं अशा मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात थेट प्रवेश मिळतो आणि राहिलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षण मिळण्याचा त्याला हक्क आहे. अकरा वर्षांची मुलगी कधीच शाळेत गेली नसली तरी तिला पहिलीत लहान पोरांमध्ये बसवायचं नसतं. दाखला नाही किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. ऊसतोडीवर आई-बापांबरोबर फिरणाऱ्या मुलांनाही हेच लागू आहे.

वय पंधराच्या पुढं आणि अक्षरओळखच नाही, तर दार केंद्र सरकारच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमाचं. २०२२ ते २०२७ असा त्याचा काळ आहे आणि 'उल्लास' या नावानं तो ओळखला जातो. शिकवणारे स्वयंसेवक असतात, त्यांना मानधन नाही. कॉलेजची मुलं, शिक्षक, शिकलेल्या सुना, कोणीही शिकवू शकतं. शेवटी १५० गुणांची चाचणी होते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना ५०-५० गुण असतात आणि प्रत्येकात किमान ३३ टक्के लागतात. कोणाला मागं टाकायला ही चाचणी नसते. त्या माणसाला आता स्वतःच्या बळावर वाचता येतं, याचा तो कागद असतो. चाचणी प्रादेशिक भाषांत होते, त्यामुळं नाव नोंदवतानाच 'मराठीतून' हे लिहून घ्या. एका गावातून एकच नाव मराठीसाठी गेलं तर ते यादीत हरवतं. वीस नावं एकत्र दिली की पुस्तिकांची आणि प्रश्नपत्रिकेची मागणी वेळेत पुढं सरकते.

चौथी, सहावीपर्यंत शिकून सुटलेल्यांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा (सगळे तिला एनआयओएस म्हणतात) मुक्त मूलभूत शिक्षणाचा कार्यक्रम आहे. त्याचे तीन स्तर. 'अ' म्हणजे तिसरीची बरोबरी, 'ब' म्हणजे पाचवीची आणि 'क' म्हणजे आठवीची. आठवीच्या बरोबरीला आपल्याकडं कमी लेखतात. वेल्डर आणि वायरमन या आयटीआयच्या ट्रेडना आठवी पास पुरते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात हेल्पर म्हणून राबणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोराला दहावीच्या आधी हा टप्पा जास्त जवळचा असू शकतो.

आठवी, नववीत शाळा सुटली असेल तर एनआयओएसची माध्यमिक परीक्षा, म्हणजे दहावी. प्रवेशाला किमान वय १४. आठवी पासचा दाखला नसला तरी 'हा अभ्यास करण्याइतकं मी शिकलो आहे' असं स्वतःचं प्रतिज्ञापत्र चालतं.

एसएसएलसीला (कर्नाटक मंडळाच्या दहावीला) बसून एक-दोन विषय राहिले असतील, तर कृपा करून आधी एसएसएलसीच पुन्हा द्या. कर्नाटकात वर्षाला एकाहून जास्त परीक्षा होतात आणि राहिलेल्याच विषयांना बसता येतं. तीन-चार विषय अडकलेत, प्रयत्न करून माणूस कंटाळला आहे, तेव्हा एनआयओएसकडं वळणं शहाणपणाचं. तिथं आधीच्या मंडळात पास झालेल्या जास्तीत जास्त दोन विषयांचे गुण पुढं नेता येतात. त्यासाठी जुनी मूळ गुणपत्रिका लागते. ती हरवली असेल तर प्रवेशाच्या आधी तिची दुसरी प्रत काढायला टाका, कारण ही सवलत प्रवेशाच्या वेळीच मागायची असते.

दोनशे तास म्हणजे किती?

प्रौढ साक्षरतेच्या कामात २०० तास हे माप जुनं आहे. तीन टप्प्यांच्या प्रवेशिका (अक्षरओळखीची पुस्तकं) आणि दोनशे तासांची शिकवणी, हा साचा नव्वदच्या दशकातल्या साक्षरता मोहिमांपासून चालत आला. आठवड्याला पाच संध्याकाळी दीड-दीड तास धरले तर साडेसात तास होतात, म्हणजे २७ आठवडे, सहा महिन्यांहून थोडं जास्त. पण रोज कोण येतं? पाचांपैकी तीनच दिवस माणूस आला तर आठवड्याचे साडेचार तास उरतात आणि तेच दोनशे तास भरायला ४५ आठवडे लागतात. सहा महिन्यांत वर्ग बंद करणारा स्वयंसेवक 'शिकले नाहीत' म्हणतो तेव्हा त्या माणसांचे फक्त १२० तास झालेले असतात. तास माणसागणिक मोजा. हजेरीच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढं जमलेले तास लिहीत गेलं तर कोणाला थांबवायचं आणि कोणाला चाचणीला पाठवायचं हे आपोआप दिसतं.

वर्गाची वेळ गावाच्या कामावरून ठरते. खानापूर तालुक्यात जुलैत भाताची रोपलावण असते, तेव्हा तीन आठवडे वर्ग भरतच नाही. तो काळ सुट्टी म्हणून आधीच जाहीर करावा, म्हणजे माणसं गैरहजर ठरत नाहीत आणि परत येताना त्यांना लाज वाटत नाही. चिकोडी, रायबाग, अथणीकडं ऊसतोड सुरू झाली की मार्चपर्यंत रात्री आठच्या आधी कोणी मोकळं नसतं. बेळगाव शहरात वडगाव, शहापूर, खासबागला यंत्रमाग आहेत आणि वीज असेल तेव्हा माग सोडून कोणी उठत नाही. उद्यमबागेतल्या कामगारांची शिफ्ट आठवड्याला बदलते, म्हणून तिथं एकच धडा सकाळी साडेआठला आणि पुन्हा संध्याकाळी सहाला घ्यावा लागतो. मग दिवसपाळी असो की रात्रपाळी, धडा चुकत नाही. निपाणीतल्या बिडी कामगार बायकांचा तर हात थांबला की मजुरी थांबते. तिथं दुपारच्या वर्गातला पहिला अर्धा तास हात चालू ठेवून ऐकण्याचा ठेवा. एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी पुढची ओळ काय असेल ते सांगायचं. लिहिण्याची वीस-पंचवीस मिनिटं तेवढी सूप बाजूला ठेवायचं.

आणि गावची लक्ष्मी यात्रा. काही वर्षांनी येणारी ही यात्रा ज्या वर्षी असते, त्या वर्षी महिना-दीड महिना रंगरंगोटी, पै-पाहुणे आणि खर्चाची जुळवाजुळव यातच सगळं घर गुंतलेलं असतं. त्या वर्षी वर्ग नवीन सुरू करू नये, हे सरळ सांगावं.

रात्री शिकणं मराठी माणसाला नवं नाही. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ साली पुण्यात कामकरी आणि शेतकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती. आपल्या शेजारच्या कुंभोजला १८८७ मध्ये जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था उभी केली आणि कमवा-शिका हा मार्ग रुजवला. या दोन्ही कामांत शिकणाऱ्याची मजुरी बुडू न देण्याचा विचार आधी होता.

आठ अक्षरं आणि एक काना

मोठ्या माणसाला 'अ अननसाचा' पासून शिकवू नये. त्याला शब्द हजारोंनी येतात, फक्त ते कागदावर कसे दिसतात हे माहीत नाही. म्हणून सुरुवात त्याच्या रोजच्या शब्दांपासून करायची आणि ते शब्द कमीत कमी अक्षरांत बसतील असे निवडायचे. क, म, न, व, ग, ल ही सहा अक्षरं आणि सोबत काना एवढं घेतलं तर काम, नाव, गाव, माल, मका, काल, वाल, मान, लगाम हे सगळे शब्द होतात. पुढच्या आठवड्यात र आणि प जोडले की पगार, कामगार, रान, वार, पान, नगर. आठ अक्षरांत माणूस 'कामगार' आणि 'पगार' वाचायला लागला की त्याचा चेहरा बदलतो. तिथून पुढं त्याला ओढून आणावं लागत नाही.

एक काळजी घ्या. ग, म, भ, न ही अक्षरं दिसायला सारखी आहेत म्हणून एकत्र शिकवायची जुनी पद्धत आहे. हात वळवायला ती चांगली आहे, पण ओळखायला शिकवताना भ आणि म एकाच दिवशी देऊ नका. म पक्का झाला की चार दिवसांनी भ द्या. घ आणि ध, ब आणि व यांचंही तसंच.

बोलीचं काय करायचं? बेळगावकडचा माणूस 'मी बाजारला जाऊलालोय' असं बोलतो आणि पुस्तकात 'मी बाजारात जात आहे' असतं. वाचताना तो पुस्तकातल्या ओळीला स्वतःच्या तोंडच्या रूपानं म्हणतो आणि शिकवणारा त्याला चूक म्हणून थांबवतो. तिथंच वाचन तुटतं. अर्थ बरोबर लागला असेल तर ते वाचन बरोबर आहे. आधी त्याचं वाक्य त्याच्या बोलीत फळ्यावर लिहा, ते त्याला वाचू द्या, मग शेजारी पुस्तकातलं रूप लिहा. दोन्ही रूपं डोळ्यांसमोर राहिली की दोन-तीन महिन्यांत तो आपोआप दुसरं रूपही वापरायला लागतो. बोलीला हसलेला माणूस शिकवायला योग्य नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आकड्यांमध्ये उलटं आहे. तोंडी हिशोब येतो, लिहिलेला फसवतो. ऊस कारखान्याची वजनपावती घ्या. ढोबळ वजन १८.४६० टन, रिकाम्या गाडीचं ६.२१५ टन, निव्वळ १२.२४५ टन. यात दोन गोष्टी नेमक्या अडतात. एक म्हणजे टिंबानंतरचे तीन आकडे किलो दाखवतात, हे कोणी सांगितलेलं नसतं. दुसरी जास्त महागात पडते. एका खेपेला १२.२४५ आणि दुसरीला १२.४५ असं लिहिलं असलं, तर बहुतेक जण पहिली खेप मोठी समजतात, कारण २४५ हा आकडा ४५ पेक्षा मोठा आहे. प्रत्यक्षात १२.४५ म्हणजे १२ टन ४५० किलो, दोनशे पाच किलो जास्त. यावर उपाय सोपा आहे. टिंबानंतर नेहमी तीन घरं आखून द्यायची आणि रिकाम्या घरात शून्य भरायचं. खरी जुनी पावती वर्गात आणली तर हा धडा एका संध्याकाळी होतो. छापील पुस्तकातल्या सफरचंदांच्या बेरजेनं तो महिन्यातही होत नाही.

मराठी आधी, कन्नड लगेच मागून

सीमाभागात भाषेचा प्रश्न भावनेचा आहे आणि ती भावना खरी आहे. शिकवण्याच्या दृष्टीनं बघितलं तरी वाचायला शिकावं ते घरात बोलतो त्या भाषेत. 'गाव' हा शब्द अक्षर लावून उच्चारला की अर्थ लगेच उजळतो. 'हळ्ळी' असा उच्चार केला आणि तो शब्द कानावरच नसला, तर अक्षर लागूनही हाती काही येत नाही. ज्या मराठी घरातल्या बायका थेट कन्नड प्रवेशिकेवर बसवल्या जातात, त्या अक्षरं पाठ करतात आणि सोडून देतात, त्याचं कारण हेच.

तरी उतारा कन्नडमध्ये येतो, बसची पाटी कन्नडमध्ये असते, ग्रामपंचायतीचे अर्ज कन्नडमध्ये असतात. रोजच्या व्यवहारात दुसऱ्याचं तोंड बघायचं नसेल तर कन्नड वाचता आलंच पाहिजे. मराठी वाचन पक्कं झालेल्या माणसाला ही लिपी वाटते तेवढी परकी नाही. वर्णमालेचा क्रम तोच, क ख ग घ, च छ ज झ. काना-मात्रेची कल्पना तीच. कन्नड आकड्यांतले दोन, तीन आणि शून्य आपल्या २, ३ आणि ० सारखेच दिसतात.

वेगळ्या आहेत त्या दोन गोष्टी आणि त्या आधीच सांगाव्यात. कन्नडमध्ये ए आणि ओ हे ऱ्हस्वही आहेत आणि दीर्घही. 'केरे' म्हणजे तळं, त्यातला ए आखूड. 'केरी' म्हणजे गल्ली, तिथला ए लांब. बेळगावच्या किल्ला तलावाला कन्नडमध्ये 'कोटे केरे' म्हणतात, ते शब्द ऐकवून फरक समजावता येतो. दुसरी गोष्ट जोडाक्षराची. मराठीत पहिलं अक्षर अर्धं होतं. कन्नडमध्ये पहिलं अक्षर पूर्ण दिसतं आणि दुसरं त्याच्या खाली किंवा खालच्या बाजूला लहान होऊन लटकतं. 'अक्का' हा शब्द दोन्हीकडं आहे, तोच दोन्ही लिप्यांत शेजारी शेजारी लिहून दाखवावा.

अर्जातले शब्द बघा. ग्राम, तालुकू, जिल्ले, जाती, दिनांक, सही. हे सगळे शब्द मराठी कानाला ओळखीचे आहेत, नुसती लिपी आली तरी ते कळतात. नव्यानं शिकायचे ते हेसरु (नाव), विळास (पत्ता), तंदे (वडील), गंड (नवरा), वयस्सु (वय) आणि मोत्त (रक्कम). सहा शब्द. मराठी प्रवेशिकेचा दुसरा टप्पा झाला की रोजची वीस मिनिटं कन्नड लिपीला द्यावीत आणि पहिला मजकूर म्हणून एखाद्या योजनेचा खराच अर्ज घ्यावा. ग्रामपंचायतीच्या वाचनालयाला आता 'अरिवु केंद्र' म्हणतात. वर्गाला जागा आणि वाचायला वर्तमानपत्र तिथं मिळू शकतं, एकदा जाऊन विचारावं.

दहावीचे विषय कसे निवडायचे

एनआयओएसच्या दहावीला किमान पाच विषय लागतात आणि त्यात निदान एक भाषा हवी. मराठी माध्यम उपलब्ध आहे. मराठी हा विषय २०४ क्रमांकाचा, कन्नड २०८, गणित २११, विज्ञान २१२, सामाजिक विज्ञान २१३, गृहविज्ञान २१६. गणित आणि विज्ञान घेतलेच पाहिजेत असं नाही. ही सवलत बऱ्याच जणांना तारते आणि काहींना फसवते. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन या ट्रेडना दहावीला गणित आणि विज्ञान लागतं. सोपे विषय घेऊन पास झालेला पोरगा आयटीआयच्या खिडकीशी पोचतो तेव्हा हे कळतं आणि त्याला पुन्हा ते दोन विषय द्यावे लागतात. म्हणून विषय मागून पुढं ठरवा. आधी पुढं काय करायचंय ते, मग त्याला काय लागतं ते, आणि मग फॉर्म.

कन्नड विषय घ्यावा का, हे नेहमी विचारलं जातं. नुसतं बोलता येत असेल तर घेऊ नये. परीक्षेत निबंध, व्याकरण आणि पाठांवरचे प्रश्न असतात, ते बोलण्याच्या जोरावर सुटत नाहीत. शाळेत सातवी-आठवीपर्यंत कन्नड लिहिलं असेल तर जरूर घ्यावा, कर्नाटकात नोकरी शोधताना त्याचा उपयोग होतो.

नोंदणी पाच वर्षं टिकते आणि त्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला. पाचही विषय एकदम द्यायची सक्ती नाही. कामावर जाणाऱ्या माणसानं पहिल्या वेळी दोनच विषय द्यावेत, एक भाषा आणि एक हातखंडा विषय. पास झाल्याचा कागद हातात आला की घरचेही वेळ द्यायला लागतात. गणित शेवटच्या फेरीला ठेवू नका, मधल्या फेरीला ठेवा, म्हणजे राहिलं तर संधी शिल्लक असतात.

पास व्हायला ३३ टक्के लागतात आणि प्रात्यक्षिक असलेल्या विषयात लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हीत वेगवेगळे पास व्हावं लागतं. याशिवाय प्रत्येक विषयाचा स्वाध्याय असतो आणि त्याला २० टक्के वजन आहे. घरी बसून, पुस्तक उघडून लिहायचा हा पेपर. मोठ्या वयाची माणसं नेमका हाच सोडतात, कारण तो कधी आणि कुठं द्यायचा हे त्यांना कोणी सांगत नाही. प्रवेश घेतल्याच्या दिवशीच अभ्यास केंद्रात तारीख विचारून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा.

अभ्यास केंद्र निवडताना एक प्रश्न नक्की विचारा, मराठी माध्यमाचे संपर्क वर्ग इथं प्रत्यक्ष होतात का? माध्यम मिळणं वेगळं आणि त्या माध्यमातून शिकवणारा माणूस केंद्रात असणं वेगळं. तसा माणूस नसेल तर गावातल्या मराठी शाळेच्या निवृत्त शिक्षकांना धरून पाच-सहा जणांचा गट करावा. पुस्तकं संस्थेच्या वेबसाइटवर फुकट वाचता येतात.

'एका महिन्यात दहावी पास, परीक्षा न देता' अशा जाहिराती बसस्टँडवर आणि मोबाईलवर दिसतात. तो कागद नोकरीच्या पडताळणीत पडतो आणि पैसे तर जातातच. केंद्राचं नाव एनआयओएसच्या अधिकृत वेबसाइटवर शोधून बघा. अर्जाची फी तिथंच ऑनलाइन भरा, कोणाच्या हातात किंवा खात्यात देऊ नका.

नाव, जन्मतारीख आणि चष्मा

अभ्यासापेक्षा जास्त माणसं कागदांत अडकतात. बाईच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं आणि बँकेत तिसरंच असतं. त्यात 'लक्ष्मी' हे नाव इंग्रजीत दोन-तीन तऱ्हेनं लिहिलेलं. मराठी नाव कन्नडमधून इंग्रजीत गेलं की आडनावाचंही तेच होतं. प्रमाणपत्रावर एकदा छापलेलं नाव बदलणं फार त्रासाचं आहे. म्हणून फॉर्म भरण्याच्या महिनाभर आधी सगळे कागद टेबलावर मांडून एकेक अक्षर जुळवा. जुळत नसेल तर आधी आधार दुरुस्त करा आणि मग त्याच अक्षरांत फॉर्म भरा.

जन्मतारखेचंही तसंच. जुन्या माणसांच्या दाखल्यावर १ जून ही तारीख ढीगभर सापडते, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि गुरुजी तीच टाकायचे. ती खरी नसली तरी सगळ्या कागदांवर एकच असेल तर तीच चालू द्या. एका कागदावर खरी आणि दुसऱ्यावर १ जून, असं झालं की अडचण येते.

शेवटी डोळे. चाळिशीनंतर जवळचं धूसर दिसायला लागतं. ज्यानं आयुष्यात कधी वाचलंच नाही त्याला हे कळतही नाही, कारण शेत आणि रस्ता त्याला स्पष्ट दिसतो. 'माझ्या डोक्यात शिरत नाही' म्हणणाऱ्या मावशींना आधी सुईत दोरा ओवायला सांगा. हात लांब नेऊन ओवत असतील किंवा सून ओवून देते म्हणत असतील, तर अडचण डोळ्यांची आहे. वर्ग सुरू व्हायच्या आधी सगळ्यांची नजर तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात नेत्रतपासणी होते. अक्षर मोठं, फळा काळाभोर आणि दिवा बसणाऱ्यांच्या मागून खांद्यावरून येणारा असावा, समोरून डोळ्यांत येणारा नको. खुरपं धरणारा हात पेन्सिल दाबून धरतो आणि टोक मोडतं, म्हणून पहिले दोन आठवडे पाटी आणि जाड खडू द्यावा, पेन्सिल नंतर.

निकाल लागला की गुणपत्रिका आणि स्थलांतर प्रमाणपत्र दोन्ही घ्या, पुढं पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) किंवा आयटीआयला दोन्ही मागतात. डिजिलॉकरवर प्रत उतरवून ठेवा. मूळ कागदाला लॅमिनेशन मात्र करू नका, पडताळणीच्या वेळी मागच्या बाजूला शिक्का मारावा लागला तर तो प्लास्टिकवर बसत नाही.